अंतर बारा फूट

गाव शंभर टक्के जोडलं गेल्याची बातमी गावाला कळली ती टपालाने. पाकीट नऊ दिवस प्रवास करून आलं होतं, त्याच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग होता, आणि आत लिहिलं होतं की यापुढे या गावाशी होणारा सगळा व्यवहार क्षणार्धात होईल.

पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं, कारण गावात सरकारी म्हणावं असं दार तेवढं एकच होतं. दवाखाना म्हणजे बाकं मांडलेली एक मोठी खोली आणि तिला लागून औषधकोठी. पत्र उघडलं मिनिटबाईने. ती तिथली नर्स. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणायचे. मिनिटबाई हे पाठीमागचं नाव, पण बावीस वर्षांत ते इतकं रुळलं होतं की आता तीही त्याला ओ द्यायची. नाव पडलं ते तिच्या नोंदवहीमुळे. कोण आलं, काय झालं, काय दिलं, हे ती मिनिटासकट लिहायची. गिरणीवाल्याला कुत्रा चावला तेव्हा तो पाय धरून बोंबलत होता आणि ही शांतपणे विचारत होती, "चावला तेव्हा किती वाजले होते?" अंदाजे हा शब्द कुणी उच्चारला तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

पत्रात पुढे होतं, "झालेल्या सर्वेक्षणानुसार उत्तर देणाऱ्यांपैकी शंभर टक्के ग्रामस्थांकडे इंटरनेट उपलब्ध आहे. सबब गाव पूर्णपणे जोडलेले घोषित करण्यात येत आहे. सबब डॉक्टरांची दर गुरुवारची भेट या महिन्याच्या अखेरच्या गुरुवारनंतर बंद करण्यात येऊन त्याऐवजी पडद्यावरील डॉक्टर उपलब्ध होतील." खाली बारीक अक्षरात उत्तर देणाऱ्यांची एकूण संख्या दिली होती. एक.

तो एक म्हणजे मिनिटबाई स्वतः. तिने पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसली. एरवी कामाच्या वेळात ती बसत नसे.

आता खरी परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर एखाद्याला वाटेल की गाव खरंच जोडलेलं होतं. केबल आली होती, नाही असं नाही. शहरापासून एकशे चाळीस किलोमीटर जमिनीखालून मुकाट्याने आली आणि ओढ्यावरच्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला येऊन थांबली. पूल रस्ते खात्याचा, केबल जोडणी खात्याची. पुलाला केबल टांगायची तर एका खात्याने दुसऱ्याला विचारायला हवं, आणि त्या दोन खात्यांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघांनाही आता आठवत नव्हतं. उरलेल्या केबलचं भेंडोळं पुलाच्या खांबाला अडकवून ठेवलं होतं आणि गवळी त्याला आपली शेळी बांधायचा. इंटरनेटचा गावाला झालेला उपयोग तो एवढाच.

फोन लागायचा, पण फक्त टेकडीवर, पाण्याच्या टाकीपाशी, तोही शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून तोंड उत्तरेला केलं तर. महत्त्वाचं बोलायचं असलं की माणसं शिडीखाली रांग लावायची, त्यामुळे गावात कुणाचंच काही गुपित राहिलं नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या दारावर कागद चिकटवला गेला. गावात इंटरनेट आहे की नाही हे तपासण्यासाठी सर्वेक्षण असून सर्व ग्रामस्थांनी ते इंटरनेटवरून भरावे, असं त्यावर लिहिलं होतं. कागद वाचून गिरणीवाला म्हणाला, "म्हणजे बहिरा कोण आहे ते हाक मारून विचारायचं." सगळे हसले आणि घरी गेले. मिनिटबाई हसली नाही. फॉर्म आहे म्हटल्यावर तो भरायला हवा. मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि फॉर्म उघडला. नाव, वय, गाव. मग एकच प्रश्न होता, "हा फॉर्म भरत असताना आपल्याकडे इंटरनेट उपलब्ध आहे का?"

दुसरं कुणीही असतं तर दोन शिव्या हासडून 'नाही' दाबून खाली उतरलं असतं. पण ही मिनिटबाई. प्रश्न 'भरत असताना' असा होता. भरत असताना ते होतं. नसतं तर फॉर्म भरलाच गेला नसता. खालच्या गावात नाही, घरात नाही, दवाखान्यात नाही, हे सगळं खरं. पण ते शेऱ्यात लिहायचं, म्हणून तिने शेऱ्याची जागा शोधली. तशी जागा फॉर्मवर नव्हतीच. तिने आयुष्यात शेऱ्याशिवायचा फॉर्म पाहिला नव्हता. शिडीवर उभ्या उभ्या तिने बराच विचार केला, खालून लोहार ओरडायला लागला की बाई, आटपा, आणि तिने खरं ते उत्तर दिलं. होय.

त्या एका 'होय'वर चारशे बारा माणसांचा डॉक्टर गेला.

त्या चारशे बारात आत्या होती. मिनिटबाईला आई तिसऱ्या वर्षी सोडून गेली, तेव्हापासून तिला वाढवलं ते या आत्याने. आता आत्या अठ्ठ्याहत्तरची होती आणि तिचं हृदय कुरकुर करायला लागलं होतं. पायांवर सूज यायची, फुफ्फुसात पाणी साठायचं, दम लागायचा. दर गुरुवारी डॉक्टर तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरायचे आणि पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते मनात मोजायचे. मग पाठीला नळी लावून ऐकायचे. मग तिला एका दमात एक, दोन, तीन म्हणायला लावायचे. चौदापर्यंत गेली तर गोळी तीच, कमी भरली तर गोळीत फरक. अंगठा दाबणं आणि आकडे मोजणं मिनिटबाईलाही येत होतं. पण पाठीतला तो बारीक चुरचुर आवाज काय सांगतो, आणि गोळी अर्धी वाढवायची की एक, हे ठरवणं तिच्या हातात नव्हतं. चुकीची गोळी काय करते तेही तिने पाहिलं होतं.

संध्याकाळी तिने आत्याला सांगून टाकलं.

"आत्या, ते 'होय' मीच लिहिलं गं."

आत्या पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. ती हसायला लागली, मग तिला खोकला आला, मग पुन्हा हसली. "तुझं लहानपणापासून हेच. शाळेत बाईंनी विचारलं, गृहपाठ करतेस का? तर म्हणालीस, आत्ता नाही करत. छडी खाऊन आलीस."

"हसू नकोस. डॉक्टर बंद होणारेत."

"पडद्यावर येणारेत ना?"

"पडदा तुझ्या नडगीवर अंगठा कसा दाबणार?"

आत्याने आपल्या पायांकडे पाहिलं. "ते तुझं तू बघ," ती म्हणाली. "चूक तुझी आहे, मी कशाला डोकं शिणवू?"

मिनिटबाई दुसऱ्याच दिवशी पुन्हा टाकीवर गेली. फॉर्म उघडला. त्यावर आलं, "आपले उत्तर आधीच नोंदवले आहे. धन्यवाद. दुरुस्ती करायची असल्यास आपल्या गावाच्या स्वतःच्या जोडणीवरून अर्ज करावा." तिने ते वाचलं, खाली उतरली, पुलापर्यंत चालत गेली आणि गावाच्या स्वतःच्या जोडणीकडे पाहिलं. शेळी तिथेच होती.

तिने पत्रं लिहिली. तीन लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं, ते असं की गाव आता जोडलेलं असल्यामुळे कागदी पत्रं स्वीकारली जात नाहीत.

अखेरचा गुरुवार उजाडला. त्याच दिवशी पडद्याचं उद्घाटन ठेवलं होतं, म्हणजे एकाच दिवसात जुना डॉक्टर जाणार आणि नवा येणार, एकाच हारात भागणार. जोडणी खात्याचे साहेब साडेनऊलाच हजर झाले. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळ्या हव्या असायच्या. त्यांच्याबरोबर एक फोटोवाला होता आणि एक वायरमन. वायरमनने आदल्या दिवशीच भिंतीवर मोठा पडदा बसवला होता. तो साहेबांपुढे मान खाली घालून उभा राहिला.

"साहेब, सगळं बसवलंय. फक्त इंटरनेट नाहीये."

"फक्त म्हणजे?"

"केबल पुलापलीकडे आहे साहेब. तिकडे शेळी बांधलीय."

साहेबांचा चेहरा पडला. समोर बाकं भरत होती. गावकरी आले होते, कारण पाहुण्यांसोबत चहा असतो. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पडदा पाहिला, आणि तेवढ्यात डॉक्टरांची खटारा जीप दारात येऊन थांबली. गुरुवार होता, ते सवयीने आले होते. साहेबांच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला.

"काय हो," त्यांनी वायरमनला विचारलं, "दोन कॉम्प्युटर नुसत्या वायरने जोडले तर चित्र दिसतं?"

"दिसतं की. त्याला इंटरनेट कशाला लागतंय?"

"वायर आहे?"

"बारा फूट आहे."

अशा रीतीने डॉक्टरांना औषधकोठीत बसवण्यात आलं. मागची बाटल्यांची फळी दिसू नये म्हणून निळी चादर टांगली, तरी एका बाजूने फरशी पुसायची बादली दिसतच होती. डॉक्टर आधी नको म्हणाले, मग तरुणपणी नाटकात काम केल्याचं त्यांना आठवलं असावं, कारण केस विंचरून बसले. "माझा शेवटचा दिवस आहे सिस्टर," ते मिनिटबाईला हळूच म्हणाले, "जाता जाता एवढी करमणूक करून घेतो."

"मला नाही सुचत आज करमणूक," मिनिटबाई म्हणाली. सकाळी आत्याच्या पायात चपला गेल्या नव्हत्या. अनवाणी आली होती म्हातारी, दोनदा रस्त्यात थांबून. मिनिटबाईला वाटलं होतं की कार्यक्रमाआधी डॉक्टर तिला पाहून घेतील, पण साहेबांनी त्यांना जीपमधून उतरता उतरताच आत नेलं होतं, आणि ती आत्याचं सांगणार तोच दार लावून तालीम सुरू केली.

साहेबांनी रोगीही नेमून दिला होता. गिरणीवाला. धट्टाकट्टा गडी, जरासं शिंकायचं, डॉक्टरांनी गरम पाणी प्या म्हणायचं, संपलं.

साहेबांचं भाषण झालं. त्यांनी सांगितलं की अंतर आता संपलं आहे. टाळ्या. जगातला कुठलाही डॉक्टर आता या खोलीत येऊ शकतो. टाळ्या. मग वायरमनने कळ दाबली आणि पडद्यावर डॉक्टरांचं डोकं आलं, भिंतीएवढं. मागच्या बाकावरची एक म्हातारी दचकून उभी राहिली.

"पहिला रुग्ण," साहेब म्हणाले आणि गिरणीवाल्याने नाक चोळायला सुरुवात केली.

मिनिटबाईच्या हातात नोंदवही होती. गुरुवारचे नंबर सकाळीच लिहिलेले असतात. पहिला नंबर आत्याचा होता, कारण ती पहिली आली होती, नऊ वाजून दोन मिनिटांनी. साहेबांनी काहीही ठरवलेलं असो, वहीत तसं नव्हतं. मिनिटबाईने साहेबांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, "नंबर एक. आत्या."

साहेबांनी डोळ्यांनी नाही नाही म्हटलं. गिरणीवाला अर्धा उठला होता, तो परत बसला. आत्या भिंतीला धरत आली आणि पडद्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"कशा आहात?" भिंतीवरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"बरी," आत्या म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "आहे."

पडद्यावरचा चेहरा बदलला. नाटकातला डॉक्टर गेला आणि गुरुवारचा डॉक्टर आला. "आकडे म्हणा," ते म्हणाले.

आत्याने दम घेतला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सातला तिचा आवाज तुटला. मागच्या गुरुवारी ती चौदाला पोहोचली होती. मिनिटबाईच्या हातातली पेन्सिल थांबली.

पडद्यावर डॉक्टर खुर्चीतून उठले. नुसती खुर्ची उरली, निळी चादर आणि बादली. पुढच्याच क्षणी औषधकोठीचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले, गळ्यात नळी, दोन ढांगांत आत्यापाशी.

बाकांवरच्या माना पडद्याकडून दाराकडे वळल्या. मग गिरणीवाला मनापासून म्हणाला, "स्पीड आहे बुवा."

आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या साहेबांच्या भाषणाला पडल्या नव्हत्या. डॉक्टरांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी आत्याच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि तो खड्डा तसाच राहिला. पाठीला नळी लावून ऐकलं. "सिस्टर, इंजेक्शन," ते म्हणाले, आणि मिनिटबाई तोपर्यंत कपाटापाशी पोहोचलेलीही होती.

साहेबांनी घाम पुसला. तो माणूस बुडता बुडता पोहायला शिकणाऱ्यांपैकी होता. "पाहिलंत!" ते म्हणाले, "पडद्यावर निदान आणि तात्काळ उपचार!" पुन्हा टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला.

निघताना त्यांची गाडी दारात घरघरत उभी होती. वर पाठवायला अहवाल हवा होता. "सिस्टर, तुमचं अक्षर छान आहे," साहेब म्हणाले. "जे झालं ते लिहा, जसंच्या तसं. आणि शेवटी लिहा, प्रात्यक्षिक यशस्वी झाले, हीच पद्धत यापुढे दर आठवड्याला कायम ठेवावी."

"जसंच्या तसं?" मिनिटबाईने विचारलं.

"अगदी जसंच्या तसं. पण लवकर."

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबाने तिला हवी तेवढी जागा दिली होती. तिने लिहिलं, "गुरुवार, सकाळी ११ वाजून ४ मिनिटे. डॉक्टर औषधकोठीत, रुग्ण मोठ्या खोलीत. मधले अंतर बारा फूट, मध्ये एक दार, उघडणारे. डॉक्टर वायरद्वारे पडद्यावर दिसले. ११ वाजून ९ मिनिटांनी पडद्यावरून उठून त्याच मिनिटाला रुग्णापाशी पोहोचले. अंगठ्याने सूज तपासली, पाठ ऐकली, ११ वाजून १२ मिनिटांनी इंजेक्शन दिले. इंटरनेटचा वापर झाला नाही. प्रात्यक्षिक यशस्वी झाले. हीच पद्धत यापुढे दर आठवड्याला कायम ठेवावी."

साहेबांनी शेवटची ओळ वाचली, मान डोलावली, सही केली, शिक्का मारला. वायरमनने मागून सगळा कागद वाचला होता. त्याने गुंडाळायला घेतलेली वायर पुन्हा होती तशी ठेवून दिली.

मिनिटबाईने यात काही कावा केला असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. तिला जसंच्या तसं लिहायला सांगितलं, तिने लिहिलं. असल्या कागदाने कुणाचं काही हलतं यावरचा तिचा विश्वास कधीच उडाला होता.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. त्यांना त्या दिवसासाठी दुसऱ्या गावाला नेमलं होतं. आत्या मात्र आली, कारण गुरुवार होता, आणि काळ्या पडद्यासमोर साडेनऊपासून एकपर्यंत बाकावर पाय पसरून बसून राहिली. पडद्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. "हा डॉक्टर काही बोलत नाही गं," ती म्हणाली. इंजेक्शनने सूज उतरून आकडा तेरापर्यंत गेला होता, तो पुन्हा अकरावर आला. मिनिटबाई टाकीवर गेली, शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अर्धी गोळी वाढवा, पण पाठ ऐकल्याशिवाय त्यापुढे जाऊ नका. त्यांना शहरात घेऊन या. शहर म्हणजे चार तास बस, आणि आत्याला चार मिनिटं सलग पाय खाली सोडून बसवत नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी आकडा नऊ होता. मिनिटबाईने तो वहीत लिहिला आणि त्या दिवशी तिला स्वतःच्याच अक्षराचा राग आला. एवढं नीटनेटकं लिहून उपयोग काय? एका फॉर्मवर खोटं 'नाही' लिहिलं असतं तर आज ही बाई नीट श्वास घेत असती. बावीस वर्षं खरं लिहिलं त्याचं हे बक्षीस. घरी आल्यावर ती आत्याच्या पायथ्याशी बसून रडली. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायचा दम तिच्यात नव्हता.

तिसऱ्या गुरुवारी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी जीपचा आवाज आला.

डॉक्टर उतरले, हातात एक कागद, आणि माणूस एकटाच हसत होता. "सिस्टर, मला औषधकोठीत बसायचा आदेश आहे," ते म्हणाले.

झालं होतं असं. साहेबांचा अहवाल वर गेला. वरच्यांनी तो आणखी वर पाठवला. वाचला कुणीच नाही, पण सही होती, शिक्का होता, यशस्वी हा शब्द होता, आणि यशस्वी प्रकल्पांची तिथे टंचाई असते. आदेश निघाला, शब्दाला शब्द. डॉक्टरांनी दर गुरुवारी औषधकोठीत उपस्थित राहावे. रुग्णापासूनचे अंतर बारा फूट असावे. मध्ये दार असावे व ते उघडणारे असावे. बारा फूट वायरच्या देखभालीसाठी वायरमनची स्वतंत्र नेमणूक करण्यात येत आहे. निळ्या चादरीचाही उल्लेख होता, ती कुणी कुठून घातली ते देवाला ठाऊक.

मिनिटबाईने कागद हातात घेतला पण तिला तो वाचवेना. "आधी आत्याला बघा," ती म्हणाली. "वाचन मग."

"आदेशाप्रमाणे आधी पडद्यावर यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. ते कोठीत गेले, पडद्यावर आले, आत्याला म्हणाले, "कशा आहात?" आणि उत्तराची वाट न बघता दार उघडून बाहेर आले.

दुपारनंतर साहेबांची गाडी आली. या खेपेला फोटोवाला नव्हता. "काय लिहिलंत हे तुम्ही?" ते म्हणाले. "माझी सही आहे खाली! चौदा गावांचे डॉक्टर बंद करून दाखवायचे होते मला, आता बाकीची तेरा गावंही औषधकोठी मागायला लागलीत!"

"तुम्हीच म्हणालात, जसंच्या तसं."

"दुरुस्त करा."

"मी कशी करणार साहेब? सही तुमची आहे. दुरुस्तीचा अर्ज तुम्हालाच करावा लागेल. टाकी त्या बाजूला आहे. शिडीची तिसरी पायरी, तोंड उत्तरेला."

साहेब गेले टेकडीवर, बुटांसकट. रांगेत लोहार होता, त्याने त्यांना आपला नंबर दिला. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसलं की साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला. आपले उत्तर आधीच नोंदवले आहे. धन्यवाद. दुरुस्ती करायची असल्यास आपल्या गावाच्या स्वतःच्या जोडणीवरून अर्ज करावा.

ते खाली उतरले आणि त्यांनी बुटांवरची धूळ झटकली. मग वायरमनला विचारलं, "त्या पुलाचं काय करावं लागेल?" गेल्या दोन वर्षांत जोडणी खात्याने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. आपणच बसवलेला डॉक्टर आपल्यालाच काढायचा तर केबल ओढ्यापार आणायलाच हवी, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"येईल बाई आता केबल," साहेब गेल्यावर वायरमन मिनिटबाईला म्हणाला. "दिवाळखोरीच झाली तरी आणतील हे. मग डॉक्टरांचं काय?"

"येऊ दे की," मिनिटबाई म्हणाली. "मला काय ते नको होतं? रक्ताचे अहवाल एका दिवसात येतील, औषध संपलं तर त्याच दिवशी कळवता येईल. अंधारात बसायची हौस आहे का मला? फक्त ज्या दिवशी येईल त्या दिवशी पहिला फॉर्म मी भरणार. तुम्ही त्याला तेवढी शेऱ्याची जागा करून द्या."

"किती मोठी?"

मिनिटबाईने नोंदवहीचं अख्खं पान उघडून त्याच्यापुढे धरलं.

पाच गुरुवार गेले. केबल अजून पलीकडेच आहे, शेळीला मात्र आता दुसरीकडे बांधतात. आत्या आज घरून दवाखान्यापर्यंत चपला घालून आली, कुठेही न थांबता, आणि पडद्यासमोर बसून डॉक्टर भिंतीवर उगवायची वाट बघत राहिली. ते उगवले, मावळले आणि दारातून बाहेर आले. अंगठा दाबला, उचलला. खड्डा पडला नाही.

"म्हणा," डॉक्टर म्हणाले.

आत्याने दम घेतला. खोलीतली बाकंही तिच्याबरोबर मनात मोजत होती. चौदा झाले, पंधरा झाले, सोळाला ती थांबली आणि मिनिटबाईकडे वळून म्हणाली, "लिही."

मिनिटबाईने लिहिलं. सकाळी ९ वाजून ५८ मिनिटे, एका दमात सोळा. मग तिची पेन्सिल जराशी थांबली, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, अंतर नाही.